तापणाऱ्या जुन्या गाडीचा दोष थर्मोस्टॅटच्या माथी का?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

उन्हाळ्यात वाहनांची निगा कशी राखावी, याविषयीची एक चौकट आपल्या दैनिकाच्या पुरवणीत नुकतीच वाचली. टायरमधील हवा, बॅटरीचे पाणी आणि वायपरचे रबर यांबाबतच्या सूचना रास्तच होत्या. मात्र शेवटून दुसऱ्या ओळीत ‘जुनी गाडी वारंवार तापत असल्यास थर्मोस्टॅट काढून टाकावा’ असा सल्ला दिलेला होता (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातील पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी-मिटणारी झडप), आणि त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहीत आहे. ओळ लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही गॅरेजात जुनी गाडी घेऊन जा, पहिला सल्ला हाच मिळतो. मीही तो ऐकला, मानला, आणि त्यापायी दोन वर्षे व एका चांगल्या मोटरसायकलीच्या किमतीइतके पैसे घालवून बसलो.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या (ओतशाळेच्या) कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यासाठी वाळूचे गाभे बनवणाऱ्या विभागात, ३४ वर्षे काम करून निवृत्त झालो. माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट ११०० डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि पुढे पद्मिनी या नावाने बाहेर पडलेली हीच ती गाडी. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. सिलिंडर ज्यात असतात तो ब्लॉक बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आणि त्यावर झाकणासारखे बसणारे हेड मात्र ॲल्युमिनियमचे. बीड आणि ॲल्युमिनियम यांची ही जोडी वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये कोल्हापूरला जाताना वंटमुरीच्या घाटात गाडीने प्रथम पाणी ओकले. डॅशबोर्डखाली वेगळा बसवून घेतलेला तापमानाचा काटा लाल रेघेला टेकायच्या आतच रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ येऊ लागली होती. ही बाब मी तेव्हा पाहिली, पण तिचा अर्थ लावला नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, ‘‘काका, आतला थर्मोस्टॅट काढून टाकूया की, आपल्याकडं कुठं बर्फ पडतंय?’’ थर्मोस्टॅट निघाला. लगेच पावसाळा लागला. गाडी टिळकवाडी ते शहापूर एवढीच फिरत होती आणि काटा ६० अंशांच्या वर जाईना, तेव्हा रोग बरा झाला असे आम्ही सर्वांनी धरून चाललो.

वास्तविक तो एका रोगावर दुसरा रोग चढवण्याचा प्रकार होता. थर्मोस्टॅट ही मेणाच्या गोळीवर चालणारी एक झडप असते. इंजिनातील पाणी सुमारे ८२ अंशांना पोचेपर्यंत ती रेडिएटरकडची वाट बंद ठेवते आणि मग हळूहळू उघडते. ती काढली, की बेळगावच्या जुलै महिन्यात छोट्या फेऱ्या मारणारी गाडी कधी पुरती गरम होतच नाही. चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी खुंटी) जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरते, आणि जळणातून तयार झालेली पाण्याची वाफ ऑइलमधून उडून न जाता तिथेच थिजते. सप्टेंबरात ऑइलचे झाकण उघडले, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला ताकावरच्या लोण्यासारखा फेस दिसला. दुसऱ्या एका मिस्त्रींनी तो पाहताच हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्या सांध्यातली पट्टी, गेल्याचे जाहीर केले. ऑइलमध्ये पाणी म्हणजे गॅस्केट, हे त्यांचे गणित सर्वसाधारणपणे खोटे नाही; पण हे पाणी रेडिएटरमधून आलेले नव्हते, ते थंड इंजिनात साचलेले दव होते. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ होते आणि रेडिएटरमधील पाण्याची पातळी तसूभरही उतरलेली नव्हती. ह्या दोन गोष्टी पाहायला दोन मिनिटे पुरली असती. तसे न करता हेड उघडले गेले, घासून सपाट करून आणले गेले आणि नवे गॅस्केट पडले.

पुढच्या उन्हाळ्यात तवंदीच्या घाटात पुन्हा तेच झाले. मग रेडिएटर बदलला, त्यानंतर वॉटर पंप बदलला, आणि शेवटी रेडिएटरसमोर विजेचा पंखा बसला. प्रत्येक वेळी जुना भाग काढताना ‘हाच बघा खराब झालाय’ असे सांगितले गेले, आणि ४५ वर्षांच्या गाडीचा कोणताही भाग हातात घेतला तर तो थोडाफार खराब असतोच, त्यामुळे ते खोटे आहे असेही म्हणता येत नव्हते. कोणत्याही मिस्त्रींचे नाव मी येथे घेणार नाही, कारण त्यांच्यापैकी कोणी मला फसवले असे मला वाटत नाही. त्यांनी मला एक प्रश्न विचारला नाही आणि मीही स्वतःला तो विचारला नाही: गाडी तापते ती नेमकी केव्हा?

उभ्या गाडीत किंवा वाहतुकीच्या कोंडीत तापणारी आणि वाट मोकळी मिळताच निवणारी गाडी हवेच्या तक्रारीची असते. पंखा, त्याचा बेल्ट, रेडिएटरच्या जाळीत बसलेला चिखल आणि किडे, पंख्याभोवतीचे काढून टाकलेले पत्र्याचे कडे, ह्या तिच्या जागा होत. ऊस हंगामात दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागून चिकोडी रस्त्याला तासभर रांगत गेलेल्यांना हा अनुभव असेल. त्यांनी घरी आल्यावर जाळीत अडकलेले पाचटही जरूर पाहावे. याउलट, गावात शहाण्यासारखी वागणारी आणि मोकळ्या रस्त्यावर ७० च्या वेगात किंवा लांब चढावर हळूहळू तापत जाणारी गाडी पाण्याच्या तक्रारीची असते, कारण त्या वेगात समोरून येणारा वाराच पंख्याहून अधिक काम करतो. तिथे रेडिएटरच्या बुजलेल्या नळ्या, झिजलेले पंपाचे पाते किंवा खालचा होस पाईप तपासावा. हा पाईप पंपाच्या ओढीच्या बाजूला असल्यामुळे आतली स्प्रिंग गंजून गेलेली असली किंवा बदलताना घालायची राहिली, की इंजिनाचा वेग वाढताच तो चपटा होतो आणि पाण्याची वाट बंद करतो. गाडी उभी असताना सगळे ठीक दिसते. एकाने ॲक्सिलरेटर दाबावा आणि दुसऱ्याने पाईपाकडे पाहावे, तेव्हाच ते उमगते. आणि सुरू केल्यापासून पाचच मिनिटांत उकळणारी गाडी असेल, तर बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट किंवा खरोखरच गेलेले गॅस्केट यांचा संशय घ्यावा.

माझी गाडी दुसऱ्या प्रकारातली होती. रेल्वे गेटवर अर्धा तास उभी राहिली तरी काटा हलत नसे आणि घाट लागला की पाणी उसळे. म्हणजे विजेच्या पंख्याचा खर्च पहिल्याच दिवशी टाळता आला असता. उलट तो रेडिएटरच्या तोंडाशी बसल्याने मोकळ्या रस्त्यावरचा वाराही काहीसा अडला.

अखेरीस मी स्वतःच तपासायला बसलो. फाउंड्रीत वापरतो तशी, पण स्वस्तातली, किरणांवर तापमान मोजणारी बंदूक घेतली. तिच्याबद्दल एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. चकचकीत ॲल्युमिनियमवर किंवा पितळेवर ती रोखली, तर ती प्रत्यक्षाहून बरेच कमी तापमान दाखवते, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतः फारशी उष्णता फेकत नाही. जिथे मोजायचे तिथे काळ्या, उष्णता सोसणाऱ्या रंगाचा ठिपका द्यावा आणि ठिपक्यावर नेम धरावा. मी असे सहा ठिपके दिले: रेडिएटरला वर एक आणि खाली एक, आणि हेडवर पुढून मागे चार.

आधी नेहमीचे संशयित बाजूला काढले. रेडिएटरचे झाकण नवे होते आणि दाब धरत होते. गॅस्केटसाठी बुडबुड्यांची परीक्षा केली. इंजिन पूर्ण थंड असताना फॅन बेल्ट काढून ठेवला, म्हणजे पंप फिरून पाणी घुसळणार नाही, रेडिएटर काठोकाठ भरला, आणि झाकण न लावता इंजिन मिनिटभराच्या आत सुरू करून बंद केले. सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत असेल, तर अशा वेळी बुडबुड्यांची माळ लागते. ती लागली नाही. मग गाडी मच्छेच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर काही किलोमीटर जोरात चालवून थांबवली आणि लगेच ठिपके मोजले. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या ठिपक्यात १० अंशांचा फरक होता, म्हणजे रेडिएटर आपले काम करत होता. हेडच्या पुढच्या टोकाला ९० अंश होते आणि मागच्या टोकाला, चौथ्या सिलिंडरपाशी, ११५.

त्या क्षणी वंटमुरीच्या घाटातले दृश्य डोळ्यांपुढे आले. काटा लाल रेघेला टेकण्याआधीच पाणी उसळत होते, कारण सगळे पाणी उकळत नव्हते. मागच्या सिलिंडरभोवतीचे तेवढेच उकळत होते, आणि तिथली वाफ बाकीच्या पाण्याला झाकणातून बाहेर ढकलत होती. काट्याची सुई खोटे बोलत नव्हती, ती फक्त दुसऱ्या जागेबद्दल बोलत होती.

ब्लॉकच्या खालच्या अंगाला पाणी काढण्याची तोटी असते. ती उघडली तर एक थेंबही आला नाही. तार घातली, तरी चिखलात काठी खुपसावी तशी ती रुतून बसली. मग ब्लॉकच्या कुशीतले वाटीच्या आकाराचे पत्र्याचे गोल बूच ठोकून काढले. जे बाहेर आले ते पाहून मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि घरच्यांना वाटले की माझी तब्येत बिघडली.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते तसे नाही. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये सिलिंडरभोवती पाणी खेळण्यासाठी जी पोकळी असते, ती कोरून काढता येत नाही. ओतकामाच्या वेळी त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, साच्यात ठेवावा लागतो. सुमारे १४०० अंशांचा बिडाचा रस त्याच्याभोवती ओतला जातो, रस थिजतो आणि आतली वाळू पोकळीत अडकून राहते. ती काढण्यासाठी ब्लॉकच्या बाजूंना मुद्दाम भोके ठेवलेली असतात. फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतलेला भाग साफ करताना, वाळू झाडून काढल्यावर त्या भोकांवर ही पत्र्याची बुचे बसवतात. थंड प्रदेशातले लोक त्यांना पाणी गोठल्यावर सुटून येणारे बूच समजतात आणि आपल्याकडेही काही जण तसेच सांगतात, परंतु त्यांचा जन्म फाउंड्रीच्या सोयीसाठी झालेला आहे. माझ्या गाडीतून निघालेल्या तांबूस चिखलात गंज होता, चुना होता, आणि बोटांत चोळून पाहिल्यावर ३४ वर्षांच्या ओळखीची चीज हाताला लागली: कोअरची वाळू. गाडी जन्मली त्या दिवसापासून मागच्या कोपऱ्यात राहून गेलेली थोडीशी वाळू, आणि तिच्यावर दरसाल धरत गेलेला गंज. ज्या कामात मी उमर घालवली, त्याच कामातील कोणा अनोळखी सोबत्याच्या हातून राहिलेली ती उणीव होती, त्यामुळे रागावणार तरी कोणावर!

हा गाळ मागेच का साचतो, तेही सांगितले पाहिजे. पंप पुढे असतो, त्यामुळे पुढच्या सिलिंडरभोवती पाण्याला जोर असतो आणि मागे जाता जाता तो मंदावतो. नदीचा गाळ जसा धरणाच्या संथ पाण्यात बसतो, तसाच. गंजाचा आणि चुन्याचा थर उष्णता बिडापेक्षा कितीतरी पट कमी वाहून नेतो. बाहेर दिसणारा रेडिएटर सर्वजण बदलतात, आणि इंजिनाच्या पोटात मात्र कोणी डोकावत नाही. दोन रविवार मी वाकवलेल्या तारेने आणि बागेच्या नळीच्या पाण्याने, उलट्या दिशेने, तो कोपरा धूत होतो. दोन वाट्या गाळ निघाला. बुचे पितळेची नवी बसवली. एकूण खर्च, चहा धरूनही, आधीच्या कुठल्याही बिलाच्या दहाव्या हिश्शाला पोचला नाही.

आपल्या भागातील वाचकांनी पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. खानापूर, जांबोटी बाजूला जांभा दगड आणि भरपूर पाऊस, त्यामुळे तिकडचे पाणी हलके असते. चिकोडी, रायबाग, अथणीकडे काळ्या मातीतल्या बोअरचे पाणी जड असते. ज्या घरात चहाच्या पातेल्याला आतून पांढरे कवच धरते, तेच पाणी रेडिएटरमध्ये गेले तर इंजिनालाही तेच कवच धरणार. माझे वडील बँकेच्या कामानिमित्त सारा जिल्हा फिरत आणि जिथे थांबत तिथल्या हापशाचे पाणी गाडीला पाजत. त्या काळी दुसरा उपाय नव्हता. आज बॅटरीच्या दुकानात शुद्ध पाणी मिळते, आणि पावसाळ्यात कौलारू छपराची पहिली सर धुऊन गेल्यानंतर धरलेले पाणीही नळाच्या पाण्याहून केव्हाही सरस. मात्र नुसते पाणी, कितीही शुद्ध असले तरी, पद्मिनीसारख्या गाडीत घालू नये. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि तांब्या-पितळेचा रेडिएटर एकाच पाण्यात उभे असले, म्हणजे त्या पाण्याची एक छोटी बॅटरीच बनते आणि तिच्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. एक तृतीयांश ते निम्मे कूलंट (गोठणे आणि गंज रोखणारा द्रव) घालण्याचे खरे कारण आपल्याकडे गोठणे नसून हे आहे. मिस्त्रींचा ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो’ हा युक्तिवाद म्हणूनच कूलंटलाही लागू पडत नाही. दोन रंगांची कूलंटे एकत्र करू नयेत. आणि रेडिएटर साफ करायला कॉस्टिक सोडा इंजिनात फिरवण्याची काही ठिकाणची रीत ॲल्युमिनियमच्या हेडला सरळ विरघळवणारी आहे. रेडिएटर सोडवून, टाक्या उघडून, नळ्यांतून सळई फिरवून देणारे जुने कारागीर अजून आपल्या गावात आहेत, त्यांच्याकडे जावे.

झाकणाविषयी थोडक्यात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे, त्यामुळे येथे उघड्या भांड्यातील पाणी १०० नव्हे तर ९७.५ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण पाण्यावर दाब ठेवून हा बिंदू वर नेते. दर चौरस इंचावर एका पौंडाच्या दाबामागे साधारण दीड अंश. ७ पौंडांचे झाकण नीट असेल तर आपल्याला १० अंशांहून जरा जास्तच सवलत मिळते, आणि त्याचे रबर मेले असेल तर ती सगळी जाते. पण म्हणून नव्या गाडीचे १६ पौंडांचे झाकण जुन्या गाडीला लावू नये. जुन्या रेडिएटरचे डाख त्या दाबासाठी केलेले नसतात. गाडी निवल्यावर वरचा होस पाईप चपटा झालेला दिसला, तर झाकणातली आत हवा घेणारी लहान झडप अडकली आहे असे समजावे.

अनगोळमधील माझ्या एका स्नेह्यांची ॲम्बेसिडर बरोबर उलट्या रोगाची होती. तिचे १४८९ सीसीचे इंजिन ब्लॉकपासून हेडपर्यंत सगळे बिडाचे आहे आणि तसे सोशिक; तरी ती रेल्वे गेटवर थांबली की तापे आणि महामार्गाला लागली की शांत होई. हवेची तक्रार हे उघडच होते. इंजिन सुरू ठेवून रेडिएटरच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचे अर्धे पान धरले (आपलेच होते, क्षमा असावी), तर ते जाळीला चिकटून राहायला हवे, ते खाली घसरले. पंप बदलताना पंख्याची पाती उलटसुलट बसली होती. पंखा असा पालटून लावला तरी हवेची दिशा बदलत नाही, ती मागेच ओढली जाते, फक्त ओढ कमी होते. म्हणून कोणाच्या नजरेला ते आले नव्हते. चार बोल्ट सोडून पंखा पालटला. शिवाय इग्निशनचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडलेले होते, त्यामुळे जळण उशिरा होऊन उष्णता एक्झॉस्टच्या अंगाने हेडमध्येच मुरत होती. ते पुढे घेतल्यावर गाडी चढालाही हलकी झाली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. थर्मोस्टॅट काढल्याने पाणी ‘फार जोरात पळते आणि रेडिएटरमध्ये निवायला वेळच मिळत नाही’ असे त्याच्या बाजूचे काही जाणकार सांगतात, तेही मला पटत नाही. तेच पाणी पुन्हा पुन्हा रेडिएटरमधून जात असते, त्यामुळे वेगाने उष्णता कमी निघते असे होत नाही. खरे नुकसान वेगळे आहे. एक तर वर सांगितलेले थंड इंजिनाचे हाल. दुसरे, थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे ब्लॉकमधील पाण्यावर पंपाचा जो थोडा दाब राहतो, तो नाहीसा होतो आणि गरम कोपऱ्यात पाणी लवकर उकळू लागते. काही इंजिनांत तर उघडलेला थर्मोस्टॅटच आडवाटेचे भोक बंद करतो. तो नसेल तर पाण्याचा काही हिस्सा रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल फिरत राहतो. आणि तिसरे, माझ्या मते सर्वांत वाईट, म्हणजे रोगाची लक्षणे बदलतात आणि पुढचा मिस्त्री चकतो. माझ्या गाडीचे हेड विनाकारण उघडले गेले ते यामुळेच.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर त्याची परीक्षा स्वयंपाकघरात होते. दोऱ्याने बांधून तो पातेल्यातील पाण्यात, तळाला न टेकवता, लोंबता ठेवावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि गॅस लावावा. त्यावर ८२ छापले असेल तर त्या सुमारास झडप हलू लागली पाहिजे आणि आणखी १०-१२ अंशांत पूर्ण उघडली पाहिजे. बेळगावच्या उंचीवरही पाणी उकळायच्या आत हे दिसते. नवा आणला तरी बसवण्यापूर्वी एकदा पातेल्यात पाहून घ्यावा. मी आणलेल्या दोनांपैकी एक उघडलाच नव्हता.

वाटेत गाडी उकळली तर इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबणे एवढेच करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडले, की दाबाखाली थोपलेले पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. फडके धरूनही ते धाडस करू नये. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणेही तितकेच वाईट. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि तितकेच आकसतेही, त्यामुळे एकीकडून गार पाणी आले की हेड पिळते, आणि मग ज्याची नुसती शंका होती ते गॅस्केट खरोखरच जाते.

माझ्या पद्मिनीला ८२ अंशांचा थर्मोस्टॅट परत बसवला आहे. विजेचा पंखा काढून माळ्यावर ठेवला. गेल्या मे महिन्यात साखळीहून चोर्ला घाट दुसऱ्या गिअरमध्ये, चौघे बसून, न थांबता चढलो. काटा ९० च्या पुढे गेला नाही आणि हेडच्या पुढच्या व मागच्या ठिपक्यांत ४ अंशांचा फरक राहिला.

आपण पुढच्या उन्हाळ्यात ती चौकट पुन्हा छापाल, तेव्हा थर्मोस्टॅट काढण्याची ओळ वगळावी आणि तिच्या जागी ‘गाडी उभी असताना तापते की पळताना, याची नोंद करून मग मिस्त्रींकडे जावे’ एवढेच घालावे, अशी नम्र विनंती आहे. जागा तितकीच लागेल.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त फाउंड्री कामगार
टिळकवाडी, बेळगाव